अपग्रेडनंतर जुन्या लायब्ररी उडवताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानाचा संगणक माझ्याकडं असतो. त्यावरच्या उबुंटू या लिनक्स प्रणालीचं २०.०४ चं २२.०४ केलं आणि साफसफाईच्या भरात 'लिबएसएसएल १.१' ही लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती कोडची फाइल, उडवली. ती ओपनएसएसएल या सांकेतिकरणाच्या (एन्क्रिप्शनच्या) सॉफ्टवेअरची; नव्यात ओपनएसएसएल ३ आहेच, मग जुनी कशाला? पट्टीचं (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं) सॉफ्टवेअर त्यानंतरही चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवशी लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि दिवाणजींचा फोन : "दादा, पट्टीच निघंना झालीया. गाड्या लागल्यात भाईर!"

पहिली चूक हीच. प्रोग्रॅम चालतोय म्हणजे फाइल नको होती, असं नसतं. लिनक्समध्ये फाइल पुसली की तिचं फक्त नाव जातं. ज्या प्रोग्रॅमनं ती उघडलेली असते त्याच्यापुरती ती तो बंद होईपर्यंत शाबूत राहते. म्हणून खड्डा दिसतो तो रीस्टार्टला. उघड्या फाइलींची यादी देणारी 'एलसॉफ' ही आज्ञा चालवून बघा, अशा पुसलेल्या लायब्ररींपुढं 'डीईएल' लिहिलेलं येतं.

दुसरी चूक मी घाबरून केली : नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक. ३ आणि १.१ ही नुसती नावं नाहीत, आतली रचनाच वेगळी. प्रोग्रॅमनं लगेच 'व्हर्जन सापडत नाही' म्हणून हात वर केले. जुगाड सगळीकडं चालत नाही.

प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी लागतात ते सांगणाऱ्या 'एलडीडी'च्या यादीवरही डोळे झाकून विसंबू नका. प्लगइन (प्रोग्रॅमला जोडलेला जादा भाग) चालता चालता ज्या लायब्ररी ओढतो, त्या तिथं दिसत नाहीत. शिवाय अनोळखी फाइलवर एलडीडी चालवूच नये, कधीकधी ती फाइलच चालू होते, त्यापेक्षा फाइल न चालवता नुसती वाचणारं 'रीडएल्फ' बरं. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीत अपग्रेडनंतर जुन्या फाइली आणि जुन्या लायब्ररी काढायच्या आज्ञाच वेगवेगळ्या आहेत, लायब्ररींची पाळी शेवटी. मला ही शिस्त आवडते.

'आरएम' या पुसायच्या आज्ञेनं हातानं पुसणं तर नकोच. फाइल कुठल्या पॅकेजची आहे ते 'डीपीकेजी'ला विचारा आणि 'एपीटी'नं काढा; दोन्ही उबुंटूची पॅकेजं सांभाळणारी साधनं. कुठल्याच पॅकेजची नसेल तर आधी दुसऱ्या फोल्डरात हलवा. 'लिबसी' या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररीला चुकून हात लागला तर फाइलींची यादी दाखवणारं साधं 'एलएस'सुद्धा चालत नाही.

पण म्हणून जुनं कायमचं सांभाळत बसायचंही नाही. ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं तशीच.

त्या दिवशी बॅकअपमधून 'लिबएसएसएल' आणि तिची जोडीदार 'लिबक्रिप्टो' या दोन फाइली परत ठेवल्या, लायब्ररींची नोंद ताजी करणारं 'एलडीकॉन्फिग' चालवलं आणि पट्ट्या सुरू झाल्या. सॉफ्टवेअरवाल्यानं ३ वर बांधलेली आवृत्ती दिली तेव्हाच त्या काढल्या. सौदे आटोपल्यावर मशीन मुद्दाम बंद-चालू केलं आणि दिवाणजींना समोर बसवून एक पट्टी काढायला लावली.