नदीकाठच्या शेतकऱ्यांनो, आपल्या गावचं आभाळ बघून गप्प बसू नका, घाटातला पाऊस बघा

जुलै लागला की नदीकाठच्या लोकांना एकच सांगायचं असतं आणि ते दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, हुक्केरी, तुमचं रान नदीला लागून असेल तर नुसता बेळगाव जिल्ह्याचा अंदाज बघून निवांत राहू नका. आपल्याकडं ऊन पडलेलं असतं, मोबाईलवर पावसाच्या इशाऱ्यात बेळगाव हिरवा नाहीतर पिवळा दिसतो, लोक म्हणतात पाऊस कुठं हाय, आणि तिकडं राधानगरी-भुदरगडात तीन दिवस धो धो चाललेला असतो. ते पाणी येणार कुठं, आपल्याकडंच की. वेदगंगा भुदरगडातनं येते, दूधगंगा काळम्मावाडी धरणावरनं, हिरण्यकेशी आंबोलीतनं आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरला, आणि पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत मिळून राजापूर बंधाऱ्यावरनं आपल्या हद्दीत. आपल्याकडचा महापूर वरच्या पावसानं येतो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा, आणि तरीबी दरवर्षी मोटारी काठावरच.

होतं काय, नदी एक पण इशारे दोन राज्यांचे. हवामान खात्याचं कर्नाटकाचं बुलेटिन बेंगळुरातनं निघतं, त्यात आपण उत्तर अंतर्गत कर्नाटकात, विजापूर-कलबुर्गीच्या पंगतीला. कोल्हापूरचा इशारा मुंबईवरनं निघतो, त्यात घाटमाथा वेगळा दाखवतात आणि आपल्याला खरा कामाचा तोच. शिवाय आपला जिल्हा केवढा, कणकुंबीला हजारो मिलिमीटर पाऊस आणि अथणीला सहाशेच्या आतबाहेर, रंग मात्र सगळ्या जिल्ह्याला एकच. म्हणून कोल्हापूर घाटाला ऑरेंज किंवा रेड आला की तो आपलाच इशारा समजायचा. रेड साधारण कधी देतात, तर चोवीस तासांत २०४.५ मिमीच्या वर पाऊस पडायची शक्यता असेल तेव्हा.

रोज सकाळी चहाच्या वेळी बघायचं ते असं. मेघदूत ॲपमध्ये बेळगावबरोबर कोल्हापूर जिल्हाही लावून ठेवा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ते बघा, एका दरवाजातनं १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं. काळम्मावाडी आणि कोयनेचा विसर्ग बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका, सांगलीत आयर्विन पुलावर ४० आणि ४५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग अधिक दूधगंगेचा विसर्ग, ही बेरीज म्हणजे चिकोडी तालुक्यातल्या कल्लोळला कृष्णेत येणारं पाणी. पेपरात रोज आकडा असतो, कुणी वाचत नाही. खालच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरनं वाद चालूच राहील, आपण वरचा आकडा आणि खालचा आकडा दोन्ही बघायचे.

आता मोटारीचं. पाणी चढायला लागलं की लोक म्हणतात उद्या काढू, अजून दहा फूट खाली हाय. रात्रीत पाणी स्टार्टरपर्यंत येतं. मग चार दिवसांनी गाळातनं काढलेली मोटार उघडली की वाइंडिंगमध्ये बोटबोट चिखल, बेअरिंग गंजलेलं, पॅनलमधनं पाणी गळतंय, आणि रिवाइंडिंगवाल्याकडं पंधरा दिवसांचा नंबर. पुढं पाऊस उघडला की ऊसाला पाणी द्यायला मोटारच नसते. हे बघून बघून जीव कळवळतो, कारण मोटार काढायला चार माणसं आणि अर्धा दिवस पुरतो. माझा शेतावरचा अंदाज असा की वेदगंगेवरचे जत्राट-भिवशी आणि अक्कोळ-सिद्‌नाळचे बंधारे पाण्याखाली गेले आणि घाटात अजून पाऊस चालू असेल तर मोटार काढायला थांबायचं नाही. पाणी तांबडं होऊन त्यात पालापाचोळा-काटक्या वाहायला लागल्या तरी तसंच. हेस्कॉमची विजेची लाईन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय मात्र पाण्यात हात घालू नका, दरवर्षी माणसं जातात.

आणि सोयरिकीचा उपयोग करा. आपल्या निम्म्या घरांचे पाव्हणे गारगोटी, मुरगूड, कागल, गडहिंग्लजला. आत्याला, मेव्हण्याला रोज संध्याकाळी एक फोन, नदी कुठपर्यंत आली एवढंच विचारायचं. गावच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगऐवजी तो निरोप टाका.

पण हे काम सरकारचं हाय हे विसरू नका. २०१९ नंतर दोन्ही राज्यांचं बोलणं वाढलं, २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री बेंगळुरात येऊन मुख्यमंत्र्यांना भेटले, इंजिनियर एकमेकांना विसर्ग कळवतात. ते आकडे शेतापर्यंत, मराठीत आणि कानडीत, एका कागदावर यायला पाहिजेत. चक्रीवादळाचा इशारा दिल्लीतनं पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, ओमान धरून १३ देशांच्या गटाला जातो, तिथं सरहद्द आडवी येत नाही. मग कागल आणि निपाणीला एकच खोऱ्याचं बुलेटिन का नको? ग्रामसभेत हा ठराव घ्या, पंचायतीच्या पीडीओकडं (विकास अधिकाऱ्याकडं) लेखी द्या. कर्नाटकाच्या आपत्ती देखरेख केंद्राची वरुणमित्र हेल्पलाईन हाय, कानडी येणाऱ्या पोराला फोन लावायला सांगा.

बाकी नेहमीची कामं:
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. एकरी ३० किलो बियाणं. घरचं असेल तर उगवण तपासून.
- पेरताना रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारं) ही जिवाणू खतं, १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम.
- पाणथळ रानात चर आत्ताच काढून ठेवा.
- जोराचा पाऊस सांगितला असेल तर युरिया टाकू नका, फवारणी करू नका.
- वीज चमकत असेल तर दामिनी ॲप बघा, झाडाखाली थांबू नका.
- जनावरं, वैरण, बियाणं, पासबुक उंचावर.

पाणी उतरल्यावर दुसरं संकट येतं, दुकानदाराचं. टॉनिक, ह्युमिक, सिलिकॉन, एकत्र करून किट म्हणून गळ्यात मारतात, उधारीवर देतात आणि फॅक्टरीकडनं आलेल्या ऊसबिलातनं पैसं जातं. बुडलेल्या ऊसाला पहिलं औषध चर. पाणी निघालं, वाफसा आला की २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, फवारा, नव्या पानांचा रंग बघा आणि मग पुढचं ठरवा. शेंडा कुजून दुर्गंधी सुटली असेल तर कुठलंच टॉनिक त्याला उठवत नाही, तिथं पैसे घालू नका. हळदीत कंद कुजायला लागला तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम, बुंध्याशी आळवणी, तीही पाणी निचरल्यावरच. शंका असेल तर कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात किंवा मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जा, तिथं कोण किट गळ्यात मारत नाही.

विमा भरलेला असेल तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायला लागतं, पंचनाम्याची वाट बघत बसलात तर मुदत जाते. सर्व्हे नंबर दिसेल असा पाण्यातल्या पिकाचा फोटो पहिल्याच दिवशी काढा, रस्ता बंद असेल तर फोनवरनं कळवा आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा.