मुंबईच्या हवेत पिस्तूल किती टिकेल, हे कसं पारखायचं

मी फोर्टातल्या एका परवानाधारक दुकानात हत्यारं दुरुस्त करतो. समोर झवेरी बाजारातले शेठ बसलेले असोत की पेन्शनीतले कर्नलसाहेब, पहिला प्रश्न ठरलेला: “मिस्त्री, सगळ्यात टिकाऊ कुठलं?” मी उलट विचारतो, वर्षाला गोळ्या किती झाडणार? वरळीच्या रेंजवर नेमाने सराव करणाऱ्याचं पिस्तूल गोळ्यांनी झिजतं. कपाटात पडून असलेलं रिव्हॉल्व्हर गंजाने मरतं. दोन्हींची तुलना एकाच यादीत करण्यात अर्थ नाही.

आधी भरवसा आणि टिकाऊपणा वेगळे करा. चाप ओढल्यावर गोळी सुटते का, रिकामी पुंगळी बाहेर पडते का, पुढचं काडतूस चढतं का, हा झाला भरवसा. हे सगळं मोठा भाग न तुटता किती गोळ्यांपर्यंत चालतं, तो टिकाऊपणा. एखादं हत्यार दणकट असूनही दर मॅगझिनला, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीला, अडकतं. एखादं कधीच अडकत नाही, पण त्याचा एक भाग ठरावीक वेळाने बदलावाच लागतो.

बेरेटा ९२ घ्या. अमेरिकन लष्कराने १९८५ मध्ये ते एम९ म्हणून स्वीकारलं. त्यानंतर काही पिस्तुलांच्या स्लाइड, म्हणजे गोळी सुटली की मागेपुढे सरकणारा वरचा भाग, तुटून मागे उडाल्या. कंपनीने हॅमरच्या (घोड्याच्या) पिनचं डोकं मोठं केलं, म्हणजे स्लाइड तुटली तरी ती मागे येऊन तोंडावर बसू नये. त्याचा लॉकिंग ब्लॉक, म्हणजे नळी आणि स्लाइड एकत्र धरणारा तुकडा, तर आजही वेळेवर बदलायचा भाग मानला जातो. म्हणून पिस्तूल वाईट ठरत नाही. कुठला भाग आधी जातो, तो गेल्यावर काय होतं आणि तो बदलायला मिळतो का, हे बघा. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये घेतलं. त्याची फ्रेम पॉलिमरची, तिला गंज लागायचा प्रश्नच नाही, आणि सुटे भाग मोजके. पण त्याचीही रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड परत पुढे ढकलणारी, काही हजार गोळ्यांनी बदलायची असते. न बदलता कुरकुर करणारे मी पाहिलेत.

चाचण्यांच्या गोष्टी ऐकताना जरा थांबा. १९११ मध्ये कोल्टच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या आणि एकदाही अडथळा आला नाही, हे सगळे सांगतात. खरंय. पण ते एक पिस्तूल होतं, तुमचं नव्हे. साधा हिशोब असा: ३०० गोळ्या विनाअडथळा सुटल्या, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अडथळ्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा जास्त नाही. झाडलेल्या गोळ्यांनी तीनला भागायचं, बस. दोन मॅगझिनं रिकामी करून “मख्खन चालतंय” म्हणणाऱ्याचं ऐकून पैसे मोजू नका.

आता आपल्याकडचं. ९ मिमी, म्हणजे वरच्या बेरेटा-ग्लॉकचं माप, सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली. राहतं काय, तर मुख्यतः .३२ बोअर (नळीचं माप): कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये आलेलं टायटॅनियम मिश्रधातूचं हलकं ‘निर्भीक’, .३२ ची देशी पिस्तुलं, आणि आयातबंदीच्या आधी आलेली वॉल्थर किंवा वेब्ली, अवाच्या सवा भावात. जुन्याच्या नावावर भाळू नका. वॉल्थर पीपी १९२९ पासूनचं, पण तुमच्या हातातल्या नगाची स्प्रिंग कुठे मिळणार?

रिव्हॉल्व्हर बघताना आधी उघडून सिलिंडरमधली काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. कानपूरचं रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडणाऱ्या जातीचं, त्यामुळे झीज बिजागरी आणि वरच्या कडीत दिसते. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरा आणि आडवं हलवा. खटखट जाणवली तर सोडून द्या. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून घोडा सावकाश पूर्ण मागे घ्या आणि सिलिंडर फिरवून बघा. किंचित हालचाल चालते. घर नळीच्या रेषेतून सरकत असेल तर नाही. हे सहाही घरांवर करा, कारण बहुतेक वेळा एखादंच घर बिघडलेलं असतं. झाडलेल्या पुंगळ्या मिळाल्या तर बुडावरचा खळगा पाहा. तो मधोमध असेल तर ठीक. एका कडेला सरकलेला असेल तर विकणारा काहीही सांगो, टायमिंग, म्हणजे घर नेमकं नळीसमोर येणं, गेलंय.

.३२ पिस्तुलाची भानगड वेगळी. त्याच्या काडतुसाला बुडाशी बारीक कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि स्लाइड कितीही ओढली तरी सुटत नाहीत. हा दोष पिस्तुलाच्या नावावर मांडू नका. भरताना प्रत्येक वरचं काडतूस थोडं पुढे राहील असं बघा. रिव्हॉल्व्हरचं आणि पिस्तुलाचं .३२ काडतूस एक नाही, हेही सांगून ठेवतो. चुकीची पेटी घेऊन येणारे दरवर्षी भेटतात.

आणि हवा. जून ते सप्टेंबर ओल, बाकी वर्षभर समुद्राचा खारा वारा, वर घाम. उजव्या कमरेला हत्यार बांधणाऱ्याची डावी बाजू आधी गंजते, कारण तीच अंगाला लागते. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवलेलं हत्यार बाहेर काढलं की शिवणीची रेघसुद्धा पोलादावर उमटलेली दिसते. चामडं ओल धरतं, कमावतानाची रसायनंही त्यात असतात. म्यान फक्त बांधण्यापुरतं वापरा, ठेवताना हत्यार बाहेर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पावसाळ्यात दर आठवड्याला चिंधीने पुसून तेलाचा पातळ हात द्या. तेल ओतू नका. ते काडतुसाच्या बुडात झिरपलं की ऐनवेळी नुसता ‘टक’ आवाज येतो. निवडणुकीच्या काळात पोलिसांकडे जमा केलेलं हत्यार परत मिळालं की त्याच संध्याकाळी उघडून पुसा.

तुलना खरंच करायची असेल तर एक वही ठेवा. तारीख, काडतुसांचा लॉट, गोळ्या, अडथळा, आणि मॅगझिन कुठलं. मॅगझिनांवर रंगाने १, २, ३ टाका. पिस्तूल अडकतं म्हणून येणाऱ्यांत कितीतरी वेळा सगळे अडथळे एकाच मॅगझिनचे निघतात, आणि ते बदललं की माझी मजुरी बुडते. जुनं हत्यार घेताना अशी वही मागा. नसेल तर परवानगीचे कागद पुढे सरकवण्याआधी मिस्त्रीला दाखवा. गोळी झाडून बघायची ती रेंजवर, गच्चीवर नाही.