वाचनालयात कोहा बसवायचंय? सर्व्हर दुपारपर्यंत होतो, खरं काम मराठीचं

मागच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका छोट्या वाचनालयात कोहा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, शोध आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून दिलं. सकाळी साडेदहाला हात घातला आणि दुपारची भाकरी-शेंगाचटणी होईपर्यंत सर्व्हर चालू झाला होता. ग्रंथपाल मॅडमनी हौसेनं दहा-बारा पुस्तकांच्या नोंदी केल्या आणि शोधपेटीत एका लेखकाचं आडनाव मराठीत टाकलं. पडद्यावर उत्तर आलं: काही सापडलं नाही. पुस्तक मॅडमच्या हातात होतं. सोडवायला मला रात्रीचे नऊ वाजले. म्हणून या लेखात सर्व्हर उभा करण्याचा भाग भराभर सांगतो आणि जिथं माझे तास गेले तिथं जरा रेंगाळतो.

कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि 2000 सालच्या जानेवारीत वापरात आलं. मुक्तस्रोत आहे, परवान्याचा खर्च शून्य. आपल्या वाचनालयांच्या दृष्टीनं दुसरा फायदा त्याहून मोठा. उद्या मदत करणारा माणूस गाव सोडून गेला तरी नोंदी तुमच्याच राहतात. एका ठिकाणी जुन्या विकतच्या सॉफ्टवेअरमधून स्वतःचीच पुस्तकयादी बाहेर काढायला चार महिने फेऱ्या मारल्यात मी, त्यामुळे हे जरा जास्तच जोर देऊन सांगतोय.

एक सूचना आधीच. आज्ञा मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, फोनवर कुणाला सांगतो तशा. टाइप करताना रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं.

मशीन आणि जागा

दहा-पंधरा हजार पुस्तकांच्या वाचनालयाला नवा सर्व्हर लागत नाही. चार जीबी रॅमवर कोहा चालतं, आठ असेल तर सुखानं चालतं. जुन्या डेस्कटॉपला एक एसएसडी टाकली की झालं. पैसे खर्चायचेच असतील तर तिथं आणि यूपीएसवर खर्चा. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, जाऊन 'वीज परत आल्यावर आपोआप चालू हो' ही सेटिंग लावून ठेवा, म्हणजे रविवारी लाइट गेली तर सोमवारी सकाळी कुणाला धावावं लागणार नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याखालच्या माळ्यावर सर्व्हर ठेवू नका. वाचनालय यंत्रमागाच्या वस्तीत असेल तर कॅबिनेटच्या जाळीवर कापसाचे बारीक तंतू साचतात, पंखा गुदमरतो आणि मशीन आपणहून बंद पडतं. महिन्यातून एकदा साधा रंगाचा ब्रश फिरवला तरी पुरतं.

लिनक्स

डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची चालू स्थिर आवृत्ती घ्या. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्तीही चालते, पण कोहाची पॅकेजं मुळात डेबियनसाठी बांधलेली असतात. डेस्कटॉपचं दृश्य टाकू नका. सर्व्हरवर कुणी गाणी ऐकणार नाहीये. राउटरमध्ये या मशीनला एक कायमचा आयपी पत्ता राखून ठेवा. मग लगेच घड्याळ: 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता', यातली ए आणि के मात्र मोठी. हे विसरलात तर देवघेवीच्या वेळा साडेपाच तास मागे पडतात आणि सकाळी दिलेलं पुस्तक पहाटेचं दिसतं.

कोहाचं पॅकेज

कोहा समुदायाच्या अधिकृत संकेतस्थळावर डेबियनच्या सूचनांमध्ये दोन गोष्टी मिळतील, पॅकेज-भांडाराची चावी आणि भांडाराची ओळ. दोन्ही तिथूनच उचला, जुन्या व्हिडिओतून नको. ओळीत 'स्टेबल' हा शब्द ठेवा. कोहाची नवी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि तिचा क्रमांक वर्ष-महिन्याचाच असतो, 24.11 म्हणजे नोव्हेंबर 2024. आलेली आवृत्ती पहिल्याच आठवड्यात लावायची घाई नको.

मग 'सुडो ॲप्ट अपडेट', आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल कोहा-कॉमन मारियाडीबी-सर्व्हर'. पॅकेजांची रांग लांब असते, चहा घेऊन या. झाल्यावर अपाचेचे, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, चार भाग चालू करा: 'सुडो ए-टू-एनमॉड रीराइट सीजीआय हेडर्स प्रॉक्सी_एचटीटीपी', आणि अपाचे रीस्टार्ट.

वाचनालयाची प्रत तयार करणं

ईटीसी फोल्डरात कोहा नावाचा फोल्डर आहे, त्यात 'कोहा-साइट्स.कॉन्फ' ही फाइल. तिथं दोन आकडे बघायचे. वाचकांच्या शोधपानासाठी, म्हणजे ओपॅकसाठी, पोर्ट 80 आणि कर्मचाऱ्यांच्या पानासाठी 8080. मार्कचा, म्हणजे पुस्तकनोंदीच्या ठरीव साच्याचा, प्रकार 'मार्क21' असल्याची खात्री करा, कारण हा नंतर बदलता येत नाही असंच धरून चला. अपाचेच्या 'पोर्ट्स.कॉन्फ' फाइलमध्ये 'लिसन 8080' ही ओळ वाढवा. ही ओळ राहते आणि मग लोक तासभर 'पानच उघडत नाही' म्हणून बसतात.

आता 'सुडो कोहा-क्रिएट --क्रिएट-डीबी लायब्ररी'. शेवटचा शब्द म्हणजे तुमच्या प्रतीचं, तुमच्या वाचनालयापुरत्या कोहाचं, नाव. छोटं ठेवा, मध्ये मोकळी जागा नको. मग 'सुडो ए-टू-डिससाइट 000-डिफॉल्ट' करून अपाचेचं स्वतःचं स्वागतपान बंद करा, नाहीतर ओपॅकच्या जागी 'इट वर्क्स' असं आनंदी पान दिसत राहील. पुढे 'कोहा-प्लॅक --एनेबल लायब्ररी', 'कोहा-प्लॅक --स्टार्ट लायब्ररी' आणि अपाचे पुन्हा रीस्टार्ट. प्लॅकशिवाय कोहा चालतं, पण प्रत्येक क्लिकला जांभई देत.

'सुडो कोहा-पासडब्ल्यूडी लायब्ररी' म्हटलं की पासवर्ड छापून येतो. दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी, कोलन (:) आणि 8080 टाका. वापरकर्ता 'कोहा_लायब्ररी', पासवर्ड नुकताच मिळालेला. इथून पुढचा इन्स्टॉलर प्रश्न विचारत जातो: शाखेचं नाव, सभासद प्रकार, पुस्तकाचा प्रकार, देवघेवीचा पहिला नियम. त्यात एक सुपरलायब्रेरियन तयार करायला सांगतो. रोजचं काम त्याच नावानं करायचं. 'कोहा_लायब्ररी' हे डेटाबेसचं खातं आहे. त्यानं आत जाऊन देवघेव करू नका.

आता मराठी

कोहात शोधाचं काम झेब्रा नावाचं इंजिन करतं. ते मूळ मांडणीत रोमन अक्षरांचा तक्ता धरून शब्द तोडतं. देवनागरीतल्या काना-मात्रा-वेलांट्या त्याला नीट कळत नाहीत, आणि मॅडमचं पुस्तक हातात असून सापडत नाही. उपाय म्हणजे झेब्राला आयसीयू या युनिकोड पद्धतीवर नेणं.

ईटीसी, कोहा, झेब्राडीबी, ईटीसी अशा फोल्डरांतून 'डिफॉल्ट.आयडीएक्स' फाइल उघडा. आधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवा. 'इंडेक्स डब्ल्यू'च्या खाली 'चारमॅप वर्ड-फ्रेज-यूटीएफ.सीएचआर' अशी ओळ आहे, तिच्या सुरुवातीला हॅश चिन्ह लावून तिला झोपवा आणि तिच्या जागी 'आयसीयूचेन वर्ड्स-आयसीयू.एक्सएमएल' ठेवा. 'इंडेक्स पी'च्या खाली तसंच, फक्त फाइल 'फ्रेजेस-आयसीयू.एक्सएमएल'. मग कर्मचारी पानावरच्या सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये 'यूजआयसीयू' असं शोधा आणि मिळेल ते 'यूजिंग' करा. शेवटी दोन आज्ञा: 'सुडो कोहा-झेब्रा --रीस्टार्ट लायब्ररी' आणि 'सुडो कोहा-रीबिल्ड-झेब्रा -एफ -व्ही लायब्ररी'. दुसऱ्या आज्ञेनं सगळी सूची नव्यानं बांधली जाते. त्या रात्री हे केलं आणि आडनाव पहिल्या फटक्यात आलं. पुढे कधी कोहा अद्ययावत करताना 'ही फाइल बदलू का' असा प्रश्न आला तर आपली जुनीच ठेवा, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यानंतरही एक खोड उरते आणि ती सॉफ्टवेअरची नाही. 'ॲटलस' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, 'ॲ' हे एकच अक्षर. दुसरं, आधी 'अ' आणि वर वेगळा चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. तेच 'ऱ्ह' आणि 'र्‍ह'चं. एका मुलानं एका कीबोर्डवर निम्म्या नोंदी केल्या, दुसऱ्यानं दुसऱ्यावर, की झाला घोळ. सगळ्यांना इन्स्क्रिप्टच वापरायला लावा किंवा दुसरा कुठलाही एकच कीबोर्ड ठरवा, आणि ठरलेली अक्षरं भिंतीवर कागदावर चिकटवा.

सोलापूरच्या वाचनालयात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दूची कपाटं असतातच. वर केलेला आयसीयूचा बदल त्या लिप्यांनाही लागू पडतो. मात्र प्रत्येक नोंदीत भाषेचा तीन अक्षरी कोड घालायची सवय लावा: मराठीला एम-ए-आर, कन्नडला के-ए-एन, तेलुगूला टी-ई-एल, उर्दूला यू-आर-डी. पूर्व भागातल्या आजोबांनी 'तेलुगूत काय काय आहे?' असं विचारलं की एका क्लिकवर यादी निघते. पडद्यावरची बटणं कुठल्या भाषेत दिसावीत हा वेगळा विषय. 'कोहा-ट्रान्सलेट --लिस्ट --अव्हेलेबल' म्हटलं की उपलब्ध भाषा दिसतात. त्याची घाई करू नका.

दाखल रजिस्टर ते कोहा

बहुतेक वाचनालयांकडे कुणीतरी कधीतरी केलेली एक्सेल फाइल असते. ती उघडून शीर्षकाच्या स्तंभाचा फॉन्ट एरियल करून बघा. मराठी मराठीच राहिली तर नशीब. रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात आहे आणि आधी तिचं रूपांतर करावं लागेल. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथंच जास्त चुका निघतात.

मग फाइल 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून साठवा. साधी सीएसव्ही केली तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. मार्कएडिट हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन स्तंभ मार्कच्या क्षेत्रांना जोडा: लेखक 100, शीर्षक 245, प्रकाशक 260. प्रत्यक्ष प्रतीची माहिती 952 मध्ये जाते. तिच्यात ए आणि बी म्हणजे शाखा, पी म्हणजे बारकोड, ओ म्हणजे वर्गांक, जी म्हणजे किंमत, वाय म्हणजे प्रकार. बारकोडच्या जागी दाखल क्रमांकच वापरा, वेगळी मालिका काढू नका. कोहा एकच बारकोड दोनदा घेत नाही, त्यामुळे रजिस्टरात कुणी 2417 दोनदा लिहिला असेल तर तो इथं पकडला जातो. आमच्याकडे असे बरेच निघाले.

पहिल्यांदा फक्त पन्नास नोंदींची फाइल 'स्टेज रेकॉर्ड्स फॉर इंपोर्ट'मधून चढवा. काम रांगेतच अडकून राहिलं तर 'सुडो कोहा-वर्कर --रीस्टार्ट लायब्ररी' करून बघा. पन्नास नोंदी शोधात नीट दिसल्या की मगच पुढची फाइल.

वर्गणी, सुट्ट्या, दंड

सभासद प्रकारात नोंदणी शुल्क आणि मुदत ठेवता येते. अनामतीसाठी मात्र मी कोहाशी झटापट केली नाही. अनामत पावतीपुस्तकातच राहू दिली आणि सभासदाच्या नोंदीत जादा रकाना करून पावती क्रमांक लिहिला. शुद्धतावाद्यांना पटणार नाही, पण हिशेब तपासनीसाला पटतं.

कॅलेंडरमध्ये साप्ताहिक सुट्टी आधी लावा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट 'दर वर्षी' म्हणून टाका. दिवाळी मात्र दर वर्षी वेगळ्या तारखेला येते, ती त्या-त्या वर्षापुरतीच. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत वाचनालय बंद असेल तर तेही टाका, आणि दंडाची मोजणी सुट्ट्या वगळून करायची पसंती चालू करा. नाहीतर नंदीध्वज बघून परतलेल्या सभासदाशी दोन रुपयांवरून वाद घालत बसावं लागतं.

बॅकअप

कोहा रोज स्वतःहून बॅकअप घेतं. तो 'व्हार, स्पूल, कोहा' या वाटेवर तुमच्या प्रतीच्या नावाच्या फोल्डरात पडतो. एक फाइल डेटाबेसची, दुसरी मांडणीची. पण तो त्याच डिस्कवर असतो आणि मुळात दोनच दिवसांचा ठेवला जातो. डिस्क गेली की दोन्ही गेलं. म्हणून दर शनिवारी दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि तो पेनड्राइव्ह वाचनालयाबाहेर, कार्यवाहांच्या घरी ठेवायचा. आम्ही दोन पेनड्राइव्ह आलटूनपालटून फिरवतो, एकावर निळी चिकटपट्टी आहे, एकावर लाल.

आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या जुन्या मशीनवर 'कोहा-रिस्टोअर'ला या दोन फाइली देऊन सगळं परत उभं राहतं का ते बघायचं. पहिल्या वेळी आमचं उभं राहिलं नाही. निळ्या पेनड्राइव्हवर मांडणीची फाइल कुणी घेतलीच नव्हती.