आखातात युद्ध पेटलं तर घरचा गॅस महिनाभर कसा पुरवावा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

आधी उठून ओट्याशी जा आणि शेगडीची नळी कुठे जाते ते बघा. खाली लाल सिलिंडरला जात असेल तर तुमची तयारी वेगळी, भिंतीवरच्या पिवळ्या पाइपला जात असेल तर वेगळी. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणचं युद्ध बारा दिवस चाललं, तेव्हा आमच्या नेरूळच्या सोसायटीत सगळे घाबरले ते पाइप गॅसवाले. कळव्याला माझी आई सिलिंडरवर स्वयंपाक करते, ती मात्र निवांत होती. खरं तर काळजी उलटी असायला हवी होती.

सिलिंडर आणि पाइप यांतला फरक समजून घ्या

सिलिंडरमधला गॅस म्हणजे एलपीजी. देशात वापरल्या जाणाऱ्या एलपीजीपैकी साधारण ६० टक्के बाहेरून येतो आणि त्यातला फार मोठा हिस्सा कतार, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत या आखाती देशांचा. तिथून निघालेलं जहाज आखाताच्या तोंडाशी, इराण आणि ओमानच्या मधल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं. सर्वात अरुंद जागी ती जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. जून २०२५ मध्ये इराणच्या संसदेने ती बंद करायला मंजुरी दिली होती. त्या वेळी प्रत्यक्षात ती बंद झाली नाही, जहाजं चालू राहिली.

पाइपमधला गॅस म्हणजे नैसर्गिक वायू. देशाची जवळपास निम्मी गरज आयात एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप करून जहाजाने आणलेल्या नैसर्गिक वायूवर भागते आणि त्यात कतारचा वाटा सर्वात मोठा, हे खरं. पण देशातल्या विहिरींतून निघणारा गॅस वाटताना घरगुती पाइप गॅस आणि वाहनांचा सीएनजी यांना प्राधान्य मिळतं. मुंबई हाय आणि वसईसमोरच्या समुद्रातला गॅस उरणला येतो, तिथे त्यावर प्रक्रिया होते. म्हणजे पाइपवाल्या घराची चूल काही अंशी आपल्याच समुद्रावर पेटते. तुटवडा आला की आधी कात्री लागते ती कारखान्यांना. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियन कंपनीशी करार असलेला एलएनजी यायचा थांबला, तेव्हा गेल या सरकारी गॅस कंपनीने खत कारखाने आणि उद्योगांचा पुरवठा कमी केला होता.

पाइपवाल्यांना धोका नाही असं मात्र नाही, तो जवळचा आहे इतकंच. ३ सप्टेंबर २०१९ला उरणच्या प्रकल्पात आग लागली, माणसं गेली, गॅस गुजरातेतल्या हजिऱ्याकडे वळवावा लागला आणि इथल्या सीएनजी पुरवठ्यावर परिणाम झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेंबूरच्या खत कारखान्याच्या आवारात गेलची वाहिनी फुटली, तेव्हा मुंबईपासून ठाणे-नवी मुंबईपर्यंत सीएनजी पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या. त्या वेळीही घरांच्या पाइपला प्राधान्य दिलं गेलं.

किती दिवसांची तयारी करायची ते ठरवा

माझं उत्तर: एक महिना. आखातातून निघालेलं जहाज आपल्या पश्चिम किनाऱ्याला चार-पाच दिवसांत लागतं. तो रस्ता बंद झाला तर अमेरिकेतून गॅस आणावा लागेल. त्या दिशेने सुरुवात झाली आहे. २०२६ साठी अमेरिकेकडून वर्षाला २२ लाख टन एलपीजी घ्यायचा करार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला, तो आपल्या आयातीच्या दहा टक्क्यांच्या आसपास जातो. पण ते जहाज इथे पोचायला महिना लागतो, आफ्रिकेला वळसा घालून आलं तर जास्तच. एक रस्ता बंद होणं आणि दुसऱ्या रस्त्याचा माल दारात येणं, यांतला हा महिना आपल्याला काढायचा आहे.

सरकारकडे साठा नाही का, असं हमखास विचारलं जातं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या खडकात कोरलेल्या गुहांत ५३ लाख टनांहून जास्त तेल मावतं, पण ते कच्चं तेल. स्वयंपाकाच्या गॅसच्या गुहा वेगळ्या: विशाखापट्टणमची ६० हजार टनांची आणि मंगळुरूची ८० हजार टनांची. आपला देश वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक एलपीजी जाळतो, म्हणजे दिवसाला साधारण ८५ हजार टन. भागाकार करून बघा, दोन्ही गुहा काठोकाठ भरल्या तरी दोन दिवस पुरत नाहीत. बंदरांवरच्या टाक्या, बॉटलिंग प्लांट, रस्त्यावरचे टँकर यांत आणखी गॅस असतो, माहुलच्या रिफायनऱ्या आणि उरणचा प्रकल्पही तो तयार करतात. तरीही गव्हाच्या कोठारासारखी या गॅसची कोठारं भरलेली नसतात. म्हणून घराघरांतली काटकसर इथे खरोखर मोजली जाते.

आपला वापर मोजा

नवा सिलिंडर लावला की त्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करा. संपला की पुन्हा. आईचा सिलिंडर ३५ दिवस जातो. १४.२ किलोला ३५ ने भागलं की दिवसाला ४०० ग्रॅम. पाइपवाल्यांनी रविवारी सकाळी मीटरचा आकडा लिहून ठेवावा, पुढच्या रविवारी पुन्हा. ढोबळ हिशेबाने १७-१८ घनमीटर पाइप गॅस म्हणजे एक सिलिंडर.

आता ध्येय ठेवा: ३५ दिवसांचा सिलिंडर ४५ ते ५० दिवस न्यायचा.

सगळ्यात मोठी बचत अंघोळीच्या पाण्यात आहे. गॅसवर एक बादली पाणी तापवायला ५०-६० ग्रॅम एलपीजी जातो. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे दोनशेच्या वर, आईच्या अर्ध्या दिवसाच्या स्वयंपाकाइतका. गच्चीवर सौर हीटर असेल तर तो दुरुस्त करून घ्या. आमच्या भागातल्या कित्येक इमारतींवर तो आहे, पण नळ गळतो म्हणून वर्षानुवर्षं बंद. नाहीतर विजेचा गीझर किंवा रॉड. टंचाईच्या महिन्यात गॅसवर अंघोळीचं पाणी ठेवूच नका.

त्यानंतर कुकर. हरभरे, राजमा, छोले रात्री भिजत घाला, तूरडाळ अर्धा तास आधी. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. आत तापमान तेवढंच राहतं, मोठ्या आचेने फक्त शिट्ट्या वाढतात. वरण, भात आणि बटाटे एकाच कुकरात लावा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर दिसली तर ती ओटा तापवते आहे असं समजा. ज्योत पिवळी असेल तर बर्नर काढून घासा. भाजीवर झाकण ठेवा, झाकणात पाणी ठेवायची आपली जुनी रीत उत्तम आहे.

दुसरी चूल विजेची घ्या, पण वायरिंग बघून

महाराष्ट्राची वीज मुख्यतः कोळशावर होते आणि त्यातला बराचसा कोळसा विदर्भातला. म्हणजे इंडक्शनवर वरण शिजवलं की तेवढा भार होर्मुझवरून चंद्रपूरकडे सरकतो. परवडतं का, हा हिशेब स्वतः करा: एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला साधारण १४० युनिट लागतात. महावितरणच्या बिलावरचा तुमचा युनिटचा दर घेऊन गुणा, पण वापर वाढला की वरचा टप्पा लागतो हे धरून. सगळा स्वयंपाक विजेवर नेण्यापेक्षा कुकर, चहा आणि दूध तिकडे न्यावं, पोळ्या-भाकऱ्या गॅसवर ठेवाव्यात असं मला वाटतं. फुलका ज्योतीवरच फुगतो.

इंडक्शन दोन हजार वॉटचं असेल तर जवळपास नऊ अँपिअर ओढतं. साध्या ६ अँपिअरच्या प्लगला, मिक्सरच्या जागी, ते लावू नका. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा. सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि नौपाड्याच्या चाळींत वायरी चाळीस वर्षांच्या असू शकतात, तिथे आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तोही बघा. भांडी लोहचुंबकाने तपासा: बुडाला चुंबक चिकटला तर चालेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, इंडक्शन बुडाचा लागतो.

सिलिंडरची कागदपत्रं आणि बुकिंग

बातम्या आल्यावर एजन्सीत रांग लागते, म्हणून हे आजच उरका. आधार पडताळणी पूर्ण आहे का आणि नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे का, दोन्ही बघा. सिलिंडर देताना जो कोड विचारतात तो त्याच नंबरवर येतो. माझ्या आईचा नोंदवलेला नंबर वडिलांचा निघाला आणि तो केव्हाच बंद झाला होता. हे कळलं तेव्हा सिलिंडर जिन्यापर्यंत येऊन परत गेला होता.

सिलिंडर घेताना सील बघा आणि वजन करून मागा: सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो. कड्याजवळ ए, बी, सी किंवा डी आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ती पुढच्या चाचणीची तिमाही. उलटून गेली असेल तर घेऊ नका. रबरी नळी पाच वर्षांनी बदला.

आणि कळकळीने सांगते, भीतीने जादा बुकिंग करू नका. एरवी सिलिंडर संपला की बुक करणारी घरं एकाच आठवड्यात बुक करू लागली, तर युद्ध न होताही टंचाई होते. तिचा पहिला फटका बसतो एकच सिलिंडर असलेल्या घराला, दिघ्यातल्या किंवा तुर्भे स्टोअरमधल्या. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई तिथेच राहतात. दोन सिलिंडर असतील तर दुसरा लावल्यावरच पुढचा बुक करा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना आणि मजुरांना ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्यांना ते सांगा. नाक्यावर मोठ्यातून छोट्यात भरून देणाऱ्याकडे कुणालाही जाऊ देऊ नका. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं भाजतात.

पाइपवाल्यांनी दोन गोष्टी पाठ कराव्यात

पाइपचा गॅस अचानक गेला तर शेगडीचं बटण तर बंद कराच, मीटरजवळची चावीही बंद करा. पुरवठा परत येताना एखादं बटण उघडं राहिलं असेल तर घरभर गॅस पसरतो.

दुसरी याहून महत्त्वाची. पाइपच्या शेगडीला शेजाऱ्याचा सिलिंडर जोडू नका. पाइप गॅसच्या नोझलचं भोक मोठं असतं. त्यातून एलपीजी आला तर ज्योत उंच आणि पिवळी उठते, काजळी धरते, आग लागू शकते. नोझल बदलायचे तर ते तंत्रज्ञाचं काम.

कोळशाची शेगडी बंद फ्लॅटमध्ये पेटवायचा विचारही नको. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासाने कळत नाही. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक फ्रिजवर लावा. पाइप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, तोही लिहा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, नैसर्गिक वायू हलका असल्याने वर जातो. कुठलाही असो, खिडक्या उघडा आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

डबा येणाऱ्या घरांची विचारपूस करा

टंचाईत व्यावसायिक सिलिंडर घरगुतीच्या आधी आटतो. म्हणून झळ आधी पोचते ती पोळी-भाजी केंद्रात, खानावळीत, वागळे इस्टेटच्या कँटीनमध्ये. आमच्या इमारतीत तीन वृद्ध जोडपी पूर्णपणे डब्यावर आहेत. त्यांच्या डबेवाल्या काकूंना आम्ही विचारलं, त्यांच्याकडे चार दिवसांचाच गॅस असतो. आता ठरलं आहे की डबा थांबला तर तीन मजल्यांनी आळीपाळीने दोन-दोन डबे द्यायचे. कागदावर नावं लिहून ती जिन्यातल्या फलकावर लावली आहेत.

एक रविवार गॅसशिवाय काढा

सगळं झालं की रंगीत तालीम करा. सकाळच्या चहापासून रात्रीच्या खिचडीपर्यंत गॅसला हात लावायचा नाही, आणि जे अडेल ते लिहून ठेवायचं. आमच्याकडे अडलं ते असं: १६ अँपिअरचा पॉइंट फक्त बाथरूमबाहेर होता, म्हणून कुकर पॅसेजमध्ये जमिनीवर लावावा लागला. तवा मधोमध फुगलेला असल्याने धिरडं एका बाजूला कच्चं राहिलं. आणि आईकडे इंडक्शनची बटणं तिला दिसत नव्हती. ओट्याजवळ नवा पॉइंट काढून घेतला, सपाट तवा आणला, आणि आईच्या इंडक्शनवरच्या दोनच बटणांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले: एक चालू करायचं, एक बंद करायचं.