रंगाचा डबा उघडण्याआधी

नागपुरात अंगणातल्या लोखंडी खुर्च्या आणि झोपाळे रंगवायचे दिवस म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की उन्हातला पत्रा चटके देतो. त्यावर इनॅमलचा (चकचकीत तेली रंगाचा) वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला रंग ओलाच राहतो आणि सुरकुत्या पडतात.

सामान आणण्याआधी खुर्ची उलटी करा. बैठकीवरचा गंज नुसता डोळ्यांत भरतो. मुरलेला गंज पायांच्या टोकांशी, रबरी बुचांच्या आत असतो. बुचं उपसा, पाइपात साचलेलं पाणी काढा, पेचकसाने जागोजागी टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंगवाला गाठा.

चार खुर्च्या आणि एका टेबलाला एक लिटर रेड ऑक्साइड मेटल प्रायमर आणि तेवढंच इनॅमल पुरतं. जाळीची बैठक असेल तर इनॅमल दीड लिटर धरा. सोबत अर्धा लिटर मिनरल टर्पेंटाइन, तारेचा ब्रश, 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, दीड इंची ब्रश, जुनी सुती फडकी, चष्मा. मास्क विसरू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. इतवारी बाजारात एका फेरीत सगळं होतं. दुकानदाराने एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा द्रव) पुढे केला तर नको म्हणा. तो इनॅमलसाठी नाही, खालचा जुना रंगही फुगवतो. चुंबक चिकटत नसेल तर खुर्ची बहुधा ॲल्युमिनियमची आहे, तिला रेड ऑक्साइड चालत नाही.

घासण्याआधी साबणाने धुऊन कडक वाळवा, नाहीतर तेलकटपणा घासताना सगळीकडे पसरतो. सुटा गंज तारेच्या ब्रशने, चिकट गंज 80 नंबरने काढा. टिकलेल्या रंगाची कड 120 ने इतकी उतरवा की बोटाला पायरी लागू नये. बहुतेक काम इथेच फसतं: ती कड तशीच राहिली की पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पापुद्रे सुटतात. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. उघडं लोखंड रात्रभर दवात ठेवू नका, आणि नुसत्या प्रायमरवरही आठवडे काढू नका, कारण त्यातून ओल आत जाते.

इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये 24 तास आणि 220 चा हलका हात. थंडीत ब्रश नऊनंतर उचला, तीनपर्यंत खाली ठेवा. उरलेल्या रंगात कूलरचा स्टँडही उरकून घ्या, वर्षभर पाणी तोच पितो. बुचं आठवड्याने बसवा, पण प्रत्येकाच्या तळाला 5 मिलिमीटरचं भोक पाडून.