गुहागरच्या मुक्कामात रेड अलर्ट आला तर

जुलै-ऑगस्टमध्ये सहकुटुंब गुहागरला गेलेल्या पर्यटकांना रेड अलर्टची बातमी कळली की सामान गाडीत टाकून लगेच निघावेसे वाटते. तसे निघण्यापूर्वी नकाशा पाहावा. मुंबईला परशुराम घाटाने जा किंवा पुण्याला कुंभार्ली घाटाने, नेहमीच्या दोन्ही वाटा चिपळूणवरूनच जातात, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी त्या शहरात शिरले तेव्हा कोकण रेल्वेची वाहतूकही थांबली होती. धोपावे-दाभोळ फेरीबोटीने दापोलीकडे जाता येते, परंतु खाडी खवळल्यावर तिचाही भरवसा नसतो. म्हणून पाऊस चढण्याआधी दिवसाउजेडी निघावे, नाहीतर सरळ मुक्काम वाढवावा. ‘जरा उघडीप मिळाली की संध्याकाळी निघू’ हा बेत सर्वांत वाईट.

हा निर्णय घेताना केवळ रत्नागिरी जिल्ह्याचा अंदाज पाहून भागत नाही. महाडला पूर आणणारी सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि चिपळूणची वाशिष्ठी सह्याद्रीच्या उतारावरून येते. शिवाय कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारे पाणीही वाशिष्ठीलाच मिळते. गुहागरच्या किनाऱ्यावर ऊन पडलेले असतानाही वाटेतल्या नद्या फुगू शकतात त्या यामुळे. हवामान खाते सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या घाटमाथ्यासाठी स्वतंत्र इशारे देते, ते आवर्जून वाचावेत. त्यांत ‘अत्यंत मुसळधार’ असे म्हटले असेल तर २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस अपेक्षित आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट भरतीची. पुराचे पाणी दाभोळच्या खाडीतून समुद्रात उतरते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पूर्ण भरती असेल तर ते तुंबून राहते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, तर अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती येते. हिशेब ढोबळ असला तरी चिपळूण कोणत्या वेळी टाळावे हे ठरवण्यापुरता तो पुरतो.

निघायचे ठरलेच तर आधी एसटी स्थानकात चौकशी करावी. आगाराने घाटातल्या फेऱ्या बंद केल्या असतील तर आपणही निघू नये. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या चालकांपेक्षा आपल्या मोबाइलमधला नकाशा शहाणा नसतो. मोरीवरून किंवा पुलावरून पाणी वाहत असेल आणि कडेचे दगड दिसेनासे झाले असतील, तर पुढची गाडी पार झाली तरी आपली घालू नये, कारण खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला आहे हे वरून कळत नाही. रात्रीचा प्रवास टाळावा. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला तो रात्रीच.

थांबायचे ठरले तर वीज असेपर्यंतच कामे उरकावीत. वीज गेली की विहिरीवरचा पंपही बंद पडतो, त्यामुळे बादल्या आणि पिण्याच्या पाण्याची भांडी भरून ठेवावीत, मोबाइल चार्ज करावेत आणि एटीएमवर विसंबून न राहता रोख रक्कम काढून आणावी. वयस्कर मंडळींची औषधे चार दिवस पुरतील इतकी आहेत का, हे पाहावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक कागदावर लिहून घरातल्या मुलांजवळही द्यावेत.

परतीचे रेल्वे आरक्षण असेल तर घाईने तिकीट रद्द करू नये. गाडी रेल्वेनेच रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा धावत असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर ती आपल्या स्थानकातून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो. मोबाइलचे नेटवर्क जाण्याची चिन्हे दिसत असतील तर हे काम सर्वांत आधी करावे.