तलवार सगळ्यात शेवटी घ्या: लाँगस्वोर्ड शिकताना या चुका टाळा

लाँगस्वोर्ड म्हणजे दोन्ही हातांनी चालवायची जुनी युरोपीय तलवार. ती शिकायला नवा माणूस पहिल्या दिवशी येतो तो बहुधा तलवार घेऊनच. मास्क नाही, ग्लोव्हज नाहीत, पण खांद्याला लांबलचक पिशवी आणि चेहऱ्यावर ‘बघा तरी काय आणलंय’ असा भाव. चेन उघडायच्या आधीच मला कळलेलं असतं आत काय आहे ते. चकचकीत स्टेनलेस स्टील, मुठीवर सिंहाचं तोंड आणि वजन असं की चार वेळा फिरवली की मनगट बोलायला लागतं.

ही तलवार भिंतीची आहे, भिंतीवरच राहू द्या. स्टेनलेस सुरीला ठीक. हातभर लांब पात्याला लागते स्प्रिंगसारखी लवचिकता, ती शोभेच्या तलवारीत नसते. शिवाय मुठीच्या आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही. एकदा असाच एक उत्साही गडी मी पाठ वळवल्याबरोबर जुन्या टायरवर वार करून बघायला गेला. दुसऱ्या की तिसऱ्या वाराला मूठ त्याच्या हातात राहिली आणि पातं गिरक्या घेत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. नशीब, त्या बाजूला कुणी नव्हतं. मूठ खोलून पाहिली तर आत पेन्सिलीएवढा आट्यांचा रॉड, आणि तो पात्याला कडेकडेने वेल्डिंग करून चिकटवलेला. तुटला तोही नेमका त्या वेल्डिंगलाच. चांगल्या सरावाच्या तलवारीत पातं आणि मुठीतला भाग एकाच पोलादाचा असतो, आणि तो मुठीच्या शेवटच्या गोळ्यापर्यंत सलग जातो. विकणारा हे सरळ सांगत नसेल तर मी तिथून निघतो.

मग घ्यायचं काय? दोघांच्या सरावाला फेडर. अरुंद पातं, बोथट आणि जाड कडा, गुंडाळलेलं किंवा चपटं रुंद टोक, आणि मुठीजवळ पात्याला फुटलेले दोन पंख. हे काही आजच्या कारखान्यांचं डोकं नाही. योआखिम मेयर या तलवारबाजीच्या उस्तादाने 1570 साली स्ट्रासबुर्गमध्ये छापलेल्या ग्रंथातल्या चित्रांत लोक अशाच तलवारींनी सराव करताना दिसतात. वजन साधारण 1.3 ते 1.6 किलो. ‘एवढीच?’ असं विचारणारे रोज भेटतात. खऱ्या लाँगस्वोर्डही बहुतेक याच्याच आसपास असत, चार-पाच किलोच्या नव्हे.

घेण्यापूर्वी टोचून बघा. मी वजनकाट्यावर टोक टेकवतो, मूठ धरून सरळ खाली दाबतो आणि पातं वाकायला लागतं तेव्हाचा आकडा वाचतो. दहा-बारा किलोच्या पुढे गेलेली तलवार मी जोडीच्या सरावाला घेत नाही. ती वाकली नाही तर तुमचा जोडीदार वाकणार, एवढा साधा हिशोब आहे. लाकडी तलवारीने पूर्ण जोरात भोसकायचं नाही तेही यासाठीच. लाकूड लवतच नाही. आणि नायलॉनची? एकट्याने हातवारे बसवायला चालेल. पण पाती एकमेकांना भिडली की ती उसळते आणि घसरते, स्टीलसारखी धरून राहत नाही. त्यामुळे नायलॉनवर वर्षभर शिकलेल्या माणसाला पुढे निम्मं विसरावं लागतं.

आता ग्लोव्हज. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या उजव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं वाढतं.

शिकायला लागून तीन महिने झाले होते. हातात लॅक्रॉस या खेळाचे ग्लोव्हज, कारण ‘हळू सरावाला पुरतात’ असं कुणीतरी सांगितलं आणि मला ते ऐकायचंच होतं. त्या दिवशी स्पॅरिंगही, म्हणजे मोकळी लढतही, नव्हती. ठरलेला वार, ठरलेला बचाव. मी हात एका क्षणाने आधी वर नेले, आणि जोडीदाराचं पातं माझ्या पात्याऐवजी अंगठ्यावर बसलं. जोर फारसा नव्हता. पण तलवार घट्ट धरलेली असते तेव्हा बोट ऐरण आणि हातोड्याच्या मध्ये असतं: वरून त्याचं पोलाद, खालून तुमची मूठ. मोकळा हात मार खाऊन मागे तरी सरकतो, मुठीवरचा अंगठा कुठे सरकणार? फोम दबला आणि हाडाचं टोक तडकलं. सहा आठवडे शर्टाची बटणं डाव्या हाताने. जोडीदार बिचारा रोज फोन करून माफी मागायचा, आणि चूक तर माझीच होती.

तेव्हापासून कुणीही नवे ग्लोव्हज आणले की मी ते घालून तलवार धरायला लावतो आणि एका नाण्याने बोटांवर टकटक करत फिरतो. वरून, बाजूने, अंगठ्याच्या अगदी शेंड्यावर. ‘टक्’ वाजलं तर खाली कडक कवच आहे. ‘थप्’ वाजलं तर नुसता फोम आहे, आणि वार नेमका तिथेच बसणार. बहुतेक स्वस्त ग्लोव्हज अंगठ्याच्या शेंड्याला आणि बोटांच्या बाजूंना थप् वाजतात. मग बघा की अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर टेकवता येतो का. लाँगस्वोर्डचे कितीतरी वार त्या पकडीतूनच निघतात. पाच सुटी बोटं दिसायला छान, पण स्टीलच्या लाँगस्वोर्डला मी बोटं एकत्र झाकणारं कवचच पसंत करतो. मनगटाचा भाग जॅकेटच्या बाहीवर नीट चढला पाहिजे. दोन बोटं मोकळी राहिली तर त्या दोन बोटांवरच खाल.

दुसरी लाडकी चूक म्हणजे न्यूटनचे आकडे. ‘माझा मास्क 1600 न्यूटनचा आहे, मला काही होत नाही.’ अहो, तो आकडा मास्कचं कापड किती जोराला भोसकलं जाईल याबद्दल आहे. 1982 साली रोमच्या फेन्सिंगच्या, म्हणजे खेळातल्या तलवारबाजीच्या, जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह या खेळाडूच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं फॉइल, म्हणजे टोचायची पातळ तलवार, आरपार गेलं आणि तो वाचला नाही. त्यानंतर त्या खेळाच्या मास्कचे आणि कपड्यांचे नियम कडक झाले. चांगलंच झालं. पण ते सगळं टोचण्याविरुद्ध. दीड किलोचं पोलाद डोक्याच्या मागच्या बाजूला आपटलं तर न्यूटन काय करणार? खेळाच्या मास्कला मागे फक्त पट्टा असतो, कारण त्या खेळात तिथे सहसा कुणी घाव घालत नाही. इथे घालतात. म्हणून डोकं मागून झाकणारं कडक आवरण वेगळं घ्यावंच लागतं. जॅकेटचंही तेच: 350 न्यूटन असो की 800, बरगडीला मार बसणार नाही असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

मास्कची जाळी दर वेळी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा. खोल पोचा किंवा गंज दिसला तर मास्क बाद. जुना, कुणीतरी वापरलेला मास्क स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याने काय काय खाल्लंय तुम्हाला ठाऊक नाही.

मास्कखाली लोंबणारं कापड म्हणजे गळ्याचं संरक्षण नव्हे. कडक गळापट्टा आतून लावा.

कोपर आणि गुडघ्याला कडक वाटी हवीच. दोन्हीकडे हाड कातडीला लागूनच असतं.

पुरुषांनो, जांघेचा कप. यावर चर्चा नाही.

मोटरसायकलचं हेल्मेट आणू नका. पेंटबॉलचा मास्क तर मुळीच नाही.

क्रम विचाराल तर माझा असा: मास्क आणि त्याचं मागचं आवरण, गळापट्टा, ग्लोव्हज, जॅकेट, कोपर-गुडघे, आणि मग तलवार. तोवर वर्गातली फेडर वापरा. कुणीतरी ‘पण माझ्याकडे आत्ताच पैसे आहेत’ म्हणतंच. असू द्या ना. सहा महिन्यांनी तुम्हाला लांब मूठ आवडते की आखूड, तोल हाताजवळ हवा की पुढे, हे कळेल. आत्ता जी घ्याल ती बहुतेक चुकीची असेल.

आणि घेतलीत की जपा. कार्बन स्टील घामाच्या बोटांच्या ठशांनीही गंजतं; तेलाचं फडकं पिशवीत ठेवा. सराव संपला की मी कडेवरून एक जुना पायमोजा फिरवतो. धागा जिथे अडकला तिथे कूस आली, तिथे कानस. ही कूस तशीच राहिली तर जोडीदाराचं जॅकेट फाडते, आणि पुढे तडा जायला तिथूनच सुरुवात होऊ शकते. नवे लोक विचारतात, पायमोजा एकच का? दुसरा कुठे गेला ते मलाही ठाऊक नाही.